विचारले तरी उत्तर व्हायरसच देतो

डिसेंबर २००५मधील गोष्ट आहे. अमेरिकेतील तरुणांमध्ये त्या काळी अतिशय लोकप्रिय असलेल्या 'एओएल इन्स्टंट मेसेंजर' या सेवेवर मित्रांच्या नावाने एक त्रोटक निरोप फिरू लागला. 'लोल दॅट्स कूल' एवढीच ओळ आणि सोबत 'क्लॅरिसा१७ डॉट पिफ' नावाच्या फाइलचा दुवा. अशा वेळी सावध माणसाने जे करावे तेच काही जणांनी केले. दुव्यावर क्लिक करण्याआधी त्यांनी मित्रालाच उलट विचारले, हा व्हायरस तर नाही ना? तत्काळ उत्तर आले, 'लोल नो इट्स नॉट इट्स अ व्हायरस'. म्हणजे, छे छे, तसे काही नाही. विरामचिन्हे गाळून लिहिलेल्या या वाक्याचा अर्थ 'नाही, हा व्हायरसच आहे' असाही लागू शकतो. पण गप्पांच्या ओघात व्याकरण तपासायला कोण बसतो? उत्तर देणारा मित्र नव्हताच. त्याच्या संगणकात शिरलेला वर्म त्याच्या नावाने संभाषण करीत होता.

संगणक सुरक्षेच्या इतिहासात या वर्मपेक्षा कितीतरी मोठे उत्पात झाले आहेत. तरीही त्याची आठवण ठेवायला हवी, कारण त्याने संगणकाच्या कुलपापेक्षा वापरणाऱ्याच्या सावधपणावर नेम धरला होता. 'शंका आली तर पाठवणाऱ्याला विचारा' हा तेव्हाही सर्वत्र दिला जाणारा सल्ला होता. वर्म लिहिणाऱ्याने तोच सल्ला गृहीत धरून उत्तर आधीच तयार ठेवले होते.

मेसेंजरच्या मार्गाने व्हायरस पसरवणे इतके सोपे का ठरले, हे समजण्यासाठी त्या सेवांची रचना पाहावी लागेल. १९९६मध्ये 'आयसीक्यू' आले. त्यानंतर १९९७मध्ये एओएलचे, १९९८मध्ये याहूचे आणि १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टचे मेसेंजर आले. या सर्वांच्या केंद्रस्थानी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मित्रांची यादी. त्या यादीत कोण आत्ता संगणकापुढे बसले आहे हेही दिसत असे. ई-मेलने पसरणाऱ्या व्हायरसला पत्ते गोळा करावे लागत, आणि पत्र उघडले जाईपर्यंत थांबावे लागे. मेसेंजरमधील वर्मला यापैकी काहीच करावे लागत नसे. पत्ते तयार, माणसे जागी, आणि खिडकी पडद्यावर आपोआप उघडणारी. शिवाय ई-मेलची तपासणी कंपन्यांच्या सर्व्हरवर होऊ लागली होती, तर मेसेंजर बहुतेक कार्यालयांत कोणाच्या परवानगीवाचून, कर्मचाऱ्यांनीच उतरवून घेतलेला असे. तपासनीस एका दरवाजावर आणि ये-जा दुसऱ्याच दरवाजाने, अशी ती स्थिती होती.

फाइलचे नाव हाही फसवणुकीचाच भाग. 'पिफ' हा एमएस-डॉसच्या जमान्यातील कार्यक्रमांसाठी विंडोजने ठेवलेला फाइलप्रकार. त्या नावाखाली प्रत्यक्ष प्रोग्राम दडवला तरी विंडोज तो मुकाट्याने चालवीत असे. त्यात परिचित फाइलप्रकारांची शेपटे लपवण्याची विंडोजची सवय. त्यामुळे २००७मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मेसेंजरवरून 'फोटो अल्बम' म्हणून आलेली झिप फाइल उघडणाऱ्याला आत छायाचित्रेच असतील असे वाटे. प्रत्यक्षात आत पिफ फाइल होती.

आत शिरल्यावर हे वर्म काय करीत? फेब्रुवारी २००५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मेसेंजरवर 'ब्रोपिया'चा एक अवतार आला. ती फाइल उघडली की पडद्यावर भाजलेल्या कोंबडीचे चित्र झळके. कोंबडीच्या अंगावर बिकिनीच्या पट्ट्यांसारखे फिकट पट्टे उमटलेले. पाहणारा हसे आणि खिडकी बंद करी. तेवढ्यात मागच्या मागे दुसराच प्रोग्राम संगणकात बसलेला असे, जो दूरवरच्या माणसाच्या हुकमाची वाट पाहत राही. सप्टेंबर २००७मध्ये स्काइपवर पसरलेल्या वर्मने तर विंडोजमधलेच साबणाच्या फुग्यांचे चित्र दाखवून वेळ मारून नेली. संगणक बिघडवणे हा या मंडळींचा उद्देश नव्हताच. बिघडलेला संगणक दुरुस्तीला जातो. चालू असलेला संगणक मात्र स्पॅम पाठवणे, पासवर्ड चोरणे, एखाद्या संकेतस्थळावर एकाच वेळी हल्ला चढवणे अशा कामांना भाड्याने देता येतो. म्हणूनच हसवणारे चित्र. काही झालेच नाही असे वाटणे, हे त्यांच्या धंद्याचे भांडवल होते.

सामान्य माणसे फसत होती, तशा मोठ्या संस्थाही हादरल्या. एप्रिल २००५मध्ये 'केल्व्हिर' या वर्मचा एक अवतार रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या स्वतःच्या मेसेजिंग सेवेत शिरला. ही सेवा दलाल, बँका आणि वित्तीय व्यवहार करणारी मंडळी वापरीत. वापरकर्त्यांची संख्या सुमारे ६० हजार. रॉयटर्सने ती सेवाच काही काळ बंद ठेवली. हा निर्णय कठोर असला तरी माझ्या मते योग्य होता. यादीतून यादीकडे पसरणाऱ्या वर्मला थांबवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे रस्ताच बंद करणे. तो निर्णय घेण्याचे धैर्य सहसा होत नाही, एवढेच.

आपल्याकडे त्या काळात याहू मेसेंजरचे राज्य होते, आणि घरोघरी इंटरनेट पोहोचण्यापूर्वी ते चालत होते सायबर कॅफेत. २००६च्या सुमारास पसरलेल्या 'सोहनाद' कुळातील वर्मची लक्षणे अनेकांना आजही आठवतील. आपल्या नावाने मित्रांना दुवे जात, इंटरनेट एक्स्प्लोररचे मुखपृष्ठ बदललेले असे, आणि काय चालले आहे ते पाहावे म्हणून टास्क मॅनेजर उघडावा तर तो 'प्रशासकाने बंद केला आहे' असा निरोप येई. कॅफेची परिस्थिती वर्मच्या फारच सोयीची होती. गिऱ्हाईक अर्ध्या तासाने पैसे देऊन निघून जाई, वर्म तिथेच राही, आणि पुढचे गिऱ्हाईक स्वतःच्या पासवर्डने प्रवेश करून मित्रांची नवी कोरी यादी त्याच्या हवाली करी. मालकाजवळ एकच उपाय असे, मशीन फॉरमॅट मारणे. पण तोच वर्म पेन ड्राइव्हवरही स्वतःची प्रत ठेवत असल्याने, फॉरमॅट झालेल्या मशीनमध्ये कोणीतरी पुन्हा पेन ड्राइव्ह खोचला की सारे मूळपदावर येई.

या काळातील लोकांच्या वागण्याचा दुसरा नमुना व्हायरसविनाच घडला, आणि तो अधिक बोलका आहे. २००२मध्ये जगभर एक इशारा फिरला. 'जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई' नावाचा व्हायरस मेसेंजर आणि पत्त्यांच्या वहीतून आपोआप पसरतो, अँटिव्हायरसला तो सापडत नाही आणि १४ दिवस गप्प बसून मग संगणकाची वाट लावतो, असे त्यात म्हटले होते. खूण म्हणून फाइलचे चिन्ह दिलेले, छोटेसे अस्वल. लोकांनी शोध घेतला आणि खरोखरच अस्वल सापडले. सापडणारच होते, कारण ती विंडोजची स्वतःची, जावा प्रोग्राममधील चुका शोधण्याच्या कामी येणारी निरुपद्रवी फाइल होती. तिचे चिन्हच तसे होते. लोकांनी घाईने ती पुसून टाकली आणि इशारा यादीतील सर्वांना धाडला. व्हायरसची दोन्ही कामे, नासधूस आणि प्रसार, माणसांनी आपल्या हातांनी आणि सद्‌हेतूने पार पाडली. मित्राचा दुवा उघडणारा भाबडा आणि मित्राचा इशारा पुढे ढकलणारा सावध, असा भेद आपण करतो. पण दोघेही एकाच कारणाने फसले होते. निरोप खरा की खोटा हे त्यांनी निरोपावरून ठरवले नव्हते, पाठवणाऱ्याच्या नावावरून ठरवले होते.

ते मेसेंजर आता राहिलेले नाहीत. एओएलची सेवा डिसेंबर २०१७मध्ये, याहूची जुलै २०१८मध्ये, आयसीक्यू जून २०२४मध्ये आणि स्काइप मे २०२५मध्ये बंद झाले. त्यांची जागा व्हॉट्सअ‍ॅपने घेतली आणि संगणकाची मोबाइलने. युक्ती मात्र जुनीच. २०२१मध्ये 'व्हॉट्सअ‍ॅप पिंक' नावाचे बनावट अ‍ॅप भारतात फिरले. हिरव्याऐवजी गुलाबी रंगाचे आमिष होते. ते घेणाऱ्याच्या फोनवर कोणाचाही निरोप आला की त्याला आपोआप उत्तर जाई, आणि त्या उत्तरात त्याच अ‍ॅपचा दुवा असे. म्हणजे २००५मधील वर्मची संभाषणकला इथेही होतीच. जून २०२३मध्ये हेच प्रकरण पुन्हा डोके वर काढू लागले, तेव्हा मुंबई पोलिसांना नागरिकांना सावध करावे लागले.

त्याहून अस्सल देशी प्रकार म्हणजे लग्नपत्रिका. ऑगस्ट २०२५मध्ये हिंगोली जिल्ह्यातील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचे निमंत्रण आले. खाली पत्रिकेसारखी दिसणारी फाइल. ती उघडल्यानंतर त्यांच्या खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिका चित्र, व्हिडिओ किंवा पीडीएफ या रूपांत येते. ही फाइल 'एपीके' होती, म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसणारे अ‍ॅप. असे अ‍ॅप बसवताना फोन एकदा हटकतो, अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप घ्यायचे का असे विचारतो, मग एसएमएस वाचण्याची परवानगी मागतो. एसएमएस वाचता आले की बँकेचा ओटीपी वाचता येतो. पुढचे सांगायला नको. हे हटकणे लोक का डावलतात, याचे कारण तंत्रज्ञानात सापडणार नाही. आपल्याकडे आलेली पत्रिका न उघडणे हा पाठवणाऱ्याचा अवमान समजला जातो. नंबर अनोळखी असला तरी 'कोणाचे तरी लग्न असेल, नाव पाहू या' हा विचार सहज येतो. ज्याने हा सापळा रचला, त्याला आपला समाज चांगलाच ठाऊक असला पाहिजे.

फसल्यानंतर माणूस काय करतो, हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. बहुतेक जण गप्प बसतात. शिकल्यासवरल्या माणसाला आपण एका कोंबडीच्या चित्राला किंवा पत्रिकेला फसलो हे सांगण्याची लाज वाटते. घरातील ज्येष्ठ तर मुलांच्या रागाच्या भीतीने बोलत नाहीत, आणि तो राग अनेकदा खराच असतो. दरम्यान त्यांच्या नावाने पुतण्याला, मावशीला, सोसायटीच्या ग्रुपला निरोप जात राहतात. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवण्यात जेवढा उशीर, तेवढे ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे सरकत जातात. या चोरीत तास मोजावे लागतात, आणि ते तास संकोचात जातात. 'मावशी, एवढे कसे कळले नाही' हे वाक्य घरात एकदा उच्चारले गेले, की पुढच्या वेळी मावशी सांगणार नाही.

म्हणून विचारायचे ते त्याच खिडकीत विचारू नये. फोन करावा, आवाज ऐकावा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. आणि आपण फसलो असे लक्षात आले, तर ते दहा जणांना सांगायचे तेही आवाजानेच. याचे कारण ऑक्टोबर २०२५मध्ये ब्राझीलमध्ये दिसले. तिथे 'सॉर्व्हेपोटेल' नावाचा वर्म व्हॉट्सअ‍ॅपवरून झिप फाइल बनून पसरला. निरोप ओळखीच्याच माणसाकडून येई, आणि फाइल संगणकावर उघडावी अशी सूचना त्यात असे. संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब चालू असले, तर वर्म तीच फाइल सर्व संपर्कांना आणि ग्रुपना पाठवी. वीस वर्षांनी मेसेंजरचा वर्म असा पुन्हा विंडोजवर परतला. एवढे निरोप एकाच खात्यातून सुटलेले पाहून व्हॉट्सअ‍ॅप ते खातेच स्पॅमच्या आरोपावरून बंद करी. ज्याच्या नावाने साऱ्या यादीला फाइल गेली, त्यालाच त्या यादीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग उरत नसे. उरे तो साधा फोन, आणि ज्यांचे क्रमांक पाठ आहेत अशी दोन-चार माणसे.