गोचिडाची साक्ष

टेक्सासकडून हाकत आणलेली धडधाकट गुरे ज्या कुरणांतून जात, तेथील उत्तरेकडची जनावरे काही आठवड्यांत ज्वरग्रस्त होऊन रक्तवर्ण मूत्र टाकीत मरत. गुराखी गोचिडांवर बोट ठेवीत, पण बहुतेक तज्ज्ञांनी ते हसण्यावारी नेले. अमेरिकन संशोधक थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी मात्र तो अनुभव शिरोधार्य मानला, हेच मला त्यांचे मोठेपण वाटते. १८८९ पासून वॉशिंग्टननजीकच्या सरकारी प्रक्षेत्रावर दक्षिणी गुरांचे गोचीड हाताने एकेक वेचून काढल्यावर रोग उद्भवेना. उलट, काचपात्रात अंड्यांतून निघालेली, मोहरीहूनही बारीक पिल्ले निरोगी गाईंवर सोडल्यावर काही दिवसांनी ताप चढला, तांबड्या रक्तपेशींत जोडीजोडीने परजीवी दिसले. या प्रयोगांचा अहवाल १८९३ चा, म्हणजे रॉस यांनी डासांत हिवतापाचा परजीवी शोधण्याच्या चार वर्षे आधीचा.