विश्लेषण : 'डब्ल्यूडी-४०' स्प्रे म्हणजे वंगण तेल नव्हे! मग तो कुठे वापरावा, कुठे टाळावा?

पंचगंगेचे पाणी ओसरले की कोल्हापुरात दोन कामे एकदमच सुरू होतात. एक चिखल काढण्याचे, दुसरे अडकलेल्या वस्तू सोडवण्याचे. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतील दुकानांची शटर वर जात नाहीत, कुलपात किल्ली फिरत नाही, दुचाकीचे नट हलत नाहीत. पूर्वी अशा वेळी रॉकेलची बाटली निघायची. आता अनेक घरांत निळ्या-पिवळ्या डब्याचा 'डब्ल्यूडी-४०' स्प्रे निघतो. पण त्याचे खरे काम काय, हे माहीत नसेल तर तोच स्प्रे नुकसानही करू शकतो.

नावाचा अर्थ काय?

'डब्ल्यूडी' म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', अर्थात पाणी हटवणे. १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगोच्या 'रॉकेट केमिकल कंपनी'ने हे मिश्रण बनवले. कंपनी सांगते त्यानुसार ते चाळीसाव्या प्रयत्नात जमले, म्हणून ४०. 'ॲटलस' क्षेपणास्त्राचा बाहेरचा पत्रा गंजू नये यासाठी ते वापरले गेले. १९५८ मध्ये ते दुकानांत आले आणि १९६९ मध्ये कंपनीने स्वतःचे नावच 'डब्ल्यूडी-४०' करून घेतले.

पेटंट का घेतले नाही?

पेटंट घ्यायचे तर कृती जाहीर करावी लागते आणि मुदत संपली की ती कोणालाही वापरता येते. त्यामुळे कंपनीने कृती गुपितच ठेवली. भारतात या स्प्रेचे वितरण मुंबईच्या 'पिडिलाइट'कडे आहे. म्हणजे चिकटवणारे फेविकॉल आणि चिकटलेले सोडवणारा स्प्रे, दोन्ही एकाच घरातून येतात!

स्प्रे काम कसे करतो?

यात पातळ पेट्रोलियम द्रावक आणि थोडे खनिज तेल असते. द्रावक पाण्याच्या थराखाली शिरतो आणि पाणी धातूपासून सुटे करतो. नट-बोल्टच्या आट्यांसारख्या बारीक फटींतही तो आपोआप ओढला जातो. नंतर द्रावक उडून जातो आणि मागे तेलाचा पातळ पापुद्रा उरतो.

हा पापुद्रा गंज रोखायला उपयोगी आहे. पण सतत घासणाऱ्या भागांवर तो फार टिकत नाही. म्हणूनच स्प्रे मारलेली बिजागरी काही दिवसांनी पुन्हा कुरकुरू लागते. आधी स्प्रेने पाणी आणि गंज सोडवायचा, मग योग्य वंगण द्यायचे, हा क्रम लक्षात ठेवावा. शटरच्या पट्ट्यांना ग्रीस, दुचाकीच्या साखळीला चेनचे किंवा गिअरचे तेल, शिलाई मशीनला मशीनचेच तेल.

पुरानंतर काय करावे?

आधी स्वच्छ पाण्याने चिखल धुवा. चिखलावर स्प्रे मारला तर माती आणि तेलाचा लगदा होतो. मग कापडाने पुसून स्प्रे मारा. नट घट्ट असेल तर लगेच पान्याला जोर लावू नका, १० ते १५ मिनिटे थांबा. न सुटल्यास पुन्हा मारा. शेवटी पुसून वंगण द्या.

कुठे मुळीच मारू नये?

- ब्रेकची डिस्क, पॅड, ड्रम : ब्रेक पकड सोडतो. हा थेट जिवाशी खेळ आहे.
- भिजलेले प्लग, बोर्ड, मोटर : 'पाणी हटवतो' म्हणून वीज सुरू असताना फवारू नका. मेन स्विच बंद करा आणि तपासणी वायरमनकडूनच करून घ्या.
- गॅसची शेगडी, देवघरातील दिवा : फवारा ज्वलनशील आहे. शेगडीचे नॉब फिरत नसतील तर गॅस मेकॅनिकला बोलवा.
- रबरी भाग : पेट्रोलियम द्रावकाने काही प्रकारचे रबर फुगते.

फवारताना खिडक्या उघड्या ठेवा. डबा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, रिकामा झाला तरी भोक पाडू नका.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी तिथवर चढण्याआधीच कुलपे आणि शटरच्या पट्ट्या पुसून त्यांना तेल-ग्रीस देऊन ठेवले, तर पाणी उतरल्यावरची निम्मी झटापट वाचते.