घड्याळ ऐकतच नव्हतं! एका सिरियल केबलची गोष्ट

या भागात पिनांचे नंबर बरेच आहेत आणि ते ऐकून लक्षात राहत नाहीत, म्हणून हे लेखी रूप.

मी ज्या अभ्यासिकेत बसते तिथे भिंतीवर मोठं एलईडी घड्याळ आहे. रविवारी तिथे सराव परीक्षा असते, १०० प्रश्न आणि २ तास. मोबाईल बाहेर ठेवायचे, त्यामुळे सगळ्यांची नजर त्या घड्याळावर. एका रविवारी काकांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ बघून पेपर गोळा केले, तेव्हा भिंतीवर अजून चार मिनिटं शिल्लक दिसत होती. एका प्रश्नाला ७२ सेकंद धरले तर तीन प्रश्न हातचे गेले. माझ्या शेजारची मुलगी रडवेली झाली. काका म्हणाले, "तुला कंप्युटरचं कळतं ना गं? बघ जरा."

घड्याळ मागे का पडलं?

अशा घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो दहा लाखांत २० भाग जरी चुकला, तरी दिवसाला साधारण १.७ सेकंदांचा फरक पडतो. पाच महिन्यांत चार मिनिटांच्या वर! पूर्वी जुना कंप्युटर रोज रात्री केबलमधून घड्याळाला बरोबर वेळ सांगायचा. पाच महिन्यांपूर्वी तो भंगारात गेला, त्याच्यासोबत केबलही गेली. आता लॅपटॉप होता, त्याला यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर, आणि काकांना कपाटात सापडलेली "तसलीच" दुसरी केबल.

मी काय चुकले

पहिल्या दिवशी मी सगळं एकदम बदललं. नवा कन्व्हर्टर आणला, ड्रायव्हर टाकला, स्पीड बदलला. संध्याकाळ गेली, पैसे गेले, घड्याळ ढिम्म. दुसऱ्या दिवशी ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

१. पोर्ट दिसतोय का? विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघा. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये लावला की नंबर बदलू शकतो आणि सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर बोलत बसतं. शिवाय एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो.

२. स्वतःचाच आवाज ऐका. नऊ पिनांच्या पोर्टवर कंप्युटर पिन ३ वरून बोलतो, पिन २ वरून ऐकतो आणि पिन ५ ग्राउंड असते. घड्याळापासून केबल काढा, तिच्या मोकळ्या टोकाला २ आणि ३ तारेने जोडा आणि पुटीसारख्या टर्मिनलमध्ये काहीही टाइप करा. लोकल एको बंद ठेवायला विसरू नका. अक्षरं परत आली तर पोर्ट, कन्व्हर्टर आणि केबलमधल्या या दोन तारा शाबूत आहेत. माझी अक्षरं परत आली. म्हणजे नवा कन्व्हर्टर उगाच घेतला!

३. कोण कुणाशी बोलतंय? आता खरी गंमत. वरची चाचणी केबल सरळ असो वा क्रॉस, दोन्हींत पास होते. सरळ केबलमध्ये २ ला २ आणि ३ ला ३ जोडलेली असते, क्रॉसमध्ये २ आणि ३ ची अदलाबदल असते. बाहेरून दोन्ही सारख्याच. मल्टीमीटरने तपासलं तर आमची सरळ निघाली. घड्याळाच्या माहितीपुस्तकातल्या आकृतीत तेही पिन ३ वरूनच बोलत होतं. म्हणजे तोंडासमोर तोंड, कानासमोर कान. फोन उलटा धरून बोलण्यासारखंच. क्रॉस केबल लावली आणि घड्याळाकडून पहिल्यांदा उत्तर आलं.

४. उत्तर आलं, पण अगम्य? भलतीच चिन्हं दिसली तर बहुतेक वेळा दोघांचा स्पीड जुळत नसतो. मी ९६०० ठेवला होता, घड्याळ ४८०० वर होतं. पुस्तकात बघून तो बदलला आणि वाक्यं नीट वाचता आली.

५. शेवटचं एंटर. कमांड कुठे संपली हे घड्याळाला एका ठरावीक चिन्हाने कळतं. ते गेलं नाही तर ते पुढचं ऐकायची वाट बघत बसतं. हेही पुस्तकातच असतं.

घरी आर्डुइनोवर घड्याळ बनवत असाल तर एक धोक्याची सूचना. आरएस-२३२ मध्ये व्होल्टेज ऋण आणि धन अशा दोन्ही बाजूंना जातं, अनेकदा १० व्होल्टच्याही पुढे. आर्डुइनोच्या पिनांना ३.३ किंवा ५ व्होल्टच चालतात. मधे मॅक्स २३२ सारखी चिप नसेल तर बोर्ड जळू शकतो.

आता लॅपटॉप इंटरनेटवरून वेळ घेतो आणि रोज रात्री घड्याळाला सांगतो. पेपर सुरू करताना काका मनगटाकडे नाही, भिंतीकडे बघतात. आणि क्रॉस केबलला मी "घड्याळाची, फेकू नये" अशी चिठ्ठी चिकटवली आहे.

तुमच्याकडे अशी एखादी केबल असेल तर तिलाही चिठ्ठी लावा. भेटू पुढच्या भागात!