रंग सुकतो, पण पिकत नाही

अपघातात मार बसलेली गाडी डेंटिंग-पेंटिंग होऊन घरी आली, की मालकाचे हात शिवशिवू लागतात. बाजारातून वॅक्सचा डबा आणून तो त्याच रविवारी गाडी घासायला बसतो. महिन्या-दोन महिन्यांनी बोनेटवर मंदपणा येतो, क्वचित बारीक फोडही दिसतात. मग गॅरेजवाल्याशी भांडण. हजारो रुपये गेलेले असतात, आणि रंगाऱ्याचे नाव विनाकारण खराब होते.

यात एक गोष्ट कुणी सांगत नाही. रंग सुकणे वेगळे आणि रंग पिकणे वेगळे. बोट लावल्यावर चिकटत नाही, तो सुकला. पण त्याच्या पोटात थिनर अजून शिल्लक असतो, आणि हार्डनरची रंगाशी चाललेली क्रियाही पूर्ण झालेली नसते. आंबा अढीत झाकून पिकवतात. रंगाचे उलटे, त्याला उघडे ठेवावे लागते. वॅक्सचा जाड थर दिला की थिनरची वाट अडते. शिवाय कोवळ्या रंगावर घासण्याचे ओरखडे उमटतात ते निराळेच.

नवी गाडी घेतल्यावर हा प्रश्न का येत नाही? सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. २००२ साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ आपल्या नाशिकचीच. कारखान्यात रंग देतात तो नुसत्या पत्र्याच्या सांगाड्याला. आत ना वायरिंग, ना सीट, ना टायर. त्यामुळे सांगाडा सुमारे १४० अंशांच्या भट्टीतून काढता येतो. गॅरेजमध्ये अख्खी गाडी असते. तिथल्या बूथमध्ये साठेक अंशांपर्यंतच जाता येते, आणि बूथ नसेल तर सारा भार हवेवर.

आणि नाशिकची हवा म्हणजे! डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा ही क्रिया मंदावते. म्हणून थंडीत रंगवलेल्या गाडीला सवड जास्त द्यावी. साधारणपणे तीस दिवस थांबा असे सांगतात. काही रंगांना साठ ते नव्वद दिवसही लागतात, बूथमध्ये भाजलेल्याला कमी. कोणता रंग वापरला आणि त्याच्या कंपनीचे म्हणणे काय, हे रंगाऱ्यालाच विचारावे. सध्या सिरॅमिक कोटिंगचा बोलबाला आहे. तेही लावण्यापूर्वी हाच प्रश्न विचारायचा.

तोवर गाडी उघडीच ठेवायची का? सावलीत ठेवा, पण प्लॅस्टिकचे कव्हर घालू नका. साध्या पाण्याने, मऊ फडक्याने धुवा. कपड्यांची पावडर अजिबात नको. बोअरचे पाणी असेल तर लगेच टिपून घ्या, नाहीतर क्षारांची पांढरी वर्तुळे उमटतात. पक्ष्यांची विष्ठा खरवडू नका. ओला फडका काही वेळ ठेवून ती भिजू द्या, मग अलगद उचला.

दसऱ्याच्या तोंडावर तर गाड्या रंगवून घेण्याची घाईच असते, आणि सणाला त्याच ओल्या रंगावर ओले हळद-कुंकू लागते. ते डाग हट्टी असतात. पूजा जरूर करा, पण बोट काचेवर किंवा नंबर प्लेटवर टेकवा, आणि हाराची तार पत्र्याला घासणार नाही असे बघा.

आता वॅक्स. कार्नोबा नावाचे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर येते. कोरड्या उन्हात पानातला ओलावा टिकावा म्हणून झाडाने केलेली ती सोय. तीच आपण गाडीला लावतो. मात्र वॅक्स आणि पॉलिश एक नव्हेत. पॉलिश किंवा रबिंग कंपाऊंड रंग बारीक घासून काढते. वरचा क्लिअर कोट जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. दर दोन महिन्यांनी 'चकाचक' पॉलिश मारून घेणारे गाडीचे कपडे झिजवत असतात, असे मला वाटते.

वॅक्स लावताना पत्रा गार हवा, गाडी सावलीत हवी. एका वेळी एक दरवाजा घ्या, थर इतका पातळ की जेमतेम दिसेल. धूसर झाला की स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा. पुढे पाणी टाकून बघत जा. थेंबांचे मोती होत असतील तर वॅक्स आहे. पाणी पसरू लागले की पुन्हा लावायची वेळ झाली. उन्हाळ्यात ती लवकर येते.