फिट मुलाला, बोल मात्र सुनेला

मुलाला फिट आली की आपल्याकडे औषधाआधी चौकशी सुरू होते, ‘तुझ्या माहेरी कुणाला फेफरं होतं का?’ मुलाच्या बापाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणून फिट्स आणि आनुवंशिकता यांविषयी थोडे.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात निव्वळ तापामुळे येणारी फिट म्हणजे अपस्मार नव्हे. जन्मताना गुदमरणे, मेंदूज्वर, डोक्याला मार यांमुळेही पुढे अपस्मार जडतो. काही मुलांत मात्र दोष जनुकातच असतो.

जनुकात म्हणजे घराण्यात, असा अर्थ लोक लावतात. तो नेहमी खरा नसतो. फ्रान्सच्या डॉ. शार्लट द्रावे यांनी १९७८ मध्ये एका गंभीर प्रकाराचे वर्णन केले. त्यात पहिल्या वर्षातच, बहुधा तापाबरोबर, लांबलचक फिट्स येतात आणि पुढे मुलाची वाढ मागे पडते. त्यामागचा ‘एससीएन-१-ए’ या जनुकातील बिघाड २००१ मध्ये सापडला. यातील बहुतेक मुलांत हा बिघाड नव्यानेच घडलेला असतो. आईत नसतो, बापातही नसतो. मग सुनेला बोल कशाचा? शिवाय कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही एरवीची गुणकारी औषधे या मुलांच्या फिट्स वाढवू शकतात. म्हणजे निदानावर औषध बदलते. (चालू गोळी मात्र मनाने बंद करू नका, त्यानेही फिट्स उसळतात.)

मामाच्या मुलीशी लग्नाचा विषय वेगळा. काही आजारांत नवरा-बायको दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच मूल आजारी होते, आणि नात्यातल्या लग्नात तसे घडण्याचा संभव वाढतो. नवरा-बायको दोघांतही असे सदोष जनुक असेल तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला चारात एक धोका. तान्ह्या बाळाच्या अशाच एका प्रकारात नेहमीची औषधे चालत नाहीत, पण ‘ब-६’ जीवनसत्त्वाने फिट्स थांबतात! इथेही दोष दोन्हीकडून निम्मा निम्मा.

अपस्मार हा शब्द हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच वगळला गेला आहे. सोयरिकीच्या बैठकीतून तो अजून गेलेला नाही.

डॉक्टरांकडे जाताना पहिली फिट कितव्या महिन्यात आली, ताप होता का, घड्याळाने किती मिनिटे चालली आणि आई-वडील नात्यातले आहेत का, हे सांगा. मोबाइलवर चित्रण केले तर उत्तमच. फिट चालू असताना मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट जवळचे रुग्णालय गाठा.