'डी' नावाची विद्यार्थिनी

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तशी पुढच्या बाकावरच्या मुलाने घाईघाईने कानातले हेडफोन काढले. मागची कुजबुज थांबली. मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसले आणि वही काढली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या बाई शिकवायला नाही, शिकायला आल्यात. हेडफोन पुन्हा कानात गेले.

वयाच्या 38व्या वर्षी मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. एच-फोर व्हिसावर शिकता येतं. नोकरीसाठी मात्र ईएडी लागतं, आणि ते 2015पासून ठरावीक अटींत बसणाऱ्यांनाच मिळतं. आम्ही अजून त्या अटींत बसत नाही. मग घरी बसून वाट बघण्यापेक्षा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करावा, असं ठरवलं. शिवाजी विद्यापीठाची मराठीतली एम. ए. आणि सांगलीत नववी-दहावीला सहा वर्षं शिकवलेली मी, इथे आले ती थेट 'इंग्लिश कॉम्पोझिशन'च्या वर्गात! एम. ए.ची गुणपत्रकं माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, हे पटवण्यातच माझा उन्हाळा गेला.

हा वर्ग निम्मा वर्गात आणि निम्मा ऑनलाइन. पहिलं काम असं : कॉलेजच्या 'कॅनव्हास'वर स्वतःची ओळख लिहा, रविवारी रात्री 11.59च्या आत. मी लिहिलं, दोन मुलांची आई, नवरा आयटीत. पुन्हा वाचलं आणि पुसलं. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला बहुतेक जण 'अमक्याची आई' म्हणूनच ओळखतात, निदान इथे तरी ते नको. पण मग लिहायचं काय? शेवटी 11.50ला चार ओळी खरडल्या आणि नावाच्या जागी नुसतं 'डी' टाकलं.

माझं नाव ज्ञानदा. आपला 'ज्ञ' इंग्रजीत लिहायचा तर डी-एन-वाय असा लिहितात, आणि ही तीन अक्षरं एका रांगेत दिसली की इथला माणूस अडखळतो. बँकेत, दवाखान्यात 'डिन्... डिनाया...' ऐकून मीच घाईने म्हणते, "कॉल मी डी." कॉफीच्या कपावर मी 'दीना' असते. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढाच हेतू. निदान मी तसं समजत होते.

तसं ऑनलाइन लपायची सवय जुनीच. 2005-06 साली सांगलीत सायबर कॅफेत तासाला 20 रुपये मोजून आम्ही मैत्रिणी ऑर्कुट उघडायचो. मी तिथे 'अबोली' होते आणि फोटोत फूल होतं. कुणी गुलाब, कुणी ऐश्वर्या राय. स्वतःचा चेहरा कुणाचाच नाही. फोटो उचलून भलतीकडे लावायचे प्रकार तेव्हाही होते, आणि त्याहून मोठी भीती चुलतभावाची. पण कॉलेजच्या आवारात मात्र मी पुरी होते. कुणाची मुलगी, कुठल्या गल्लीतली, वक्तृत्वात कितवी, हे कँटीनवाल्या मामांनाही ठाऊक.

इथे उलटं झालं. फळ्यासमोर मला कुणी ओळखत नाही, पण माझ्या ऑनलाइन उत्तराखाली एक मुलगा 'डी, तुझ्या आजीच्या जात्याबद्दल आणखी लिही' असं लिहितो. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये तोच मुलगा माझ्यासाठी दार धरून 'मॅम' म्हणतो. ती 'डी' मीच, हे त्याला माहीतच नाही. या कॉलेजाला वसतिगृह नाही. वर्ग सुटला की ज्याची त्याची गाडी, ज्याचं त्याचं काम. ओळख व्हायची ती पडद्यावरच. (आज पोरं ज्याला म्हाताऱ्यांची जागा म्हणतात ते फेसबुकही 2004मध्ये हार्वर्डच्या आवारातच जन्मलं. सुरुवातीला कॉलेजचा ईमेल असल्याशिवाय आत प्रवेश नव्हता.)

तिसऱ्या आठवड्यात मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "काकू?"

आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत माझ्याकडे शिकलेली मुलगी. तिचं नाव इथे लिहीत नाही. एका फुलाचं नाव आहे एवढंच सांगते. तेही तिला विचारून. वर्गात ती दोन अक्षरी इंग्रजी नावाने वावरत होती. "काकू, इथे मला तेच म्हणाल? आणि आईला नका सांगू." मला चर्रर झालं. घरी येऊन नवऱ्यापाशी बराच वेळ बोलले, तेव्हा तो म्हणाला, "आणि तू डी ना?"

त्याचाही एक किस्सा झाला होता. फीचं बिल विचारायला त्याने कॉलेजात फोन केला, तर "विद्यार्थिनीच्या संमतीशिवाय सांगता येणार नाही" म्हणून ठेवून दिला. 1974चा 'फर्पा' कायदा. कॉलेजात नाव घातलं की नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा. आईवडिलांनाही त्या सहसा परस्पर मिळत नाहीत. यंदा ज्यांची मुलं कॉलेजात गेली, त्यांनी लक्षात ठेवलेलं बरं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं, आणि जरा बरंही वाटलं होतं. लग्नानंतर फक्त माझ्या परवानगीने उघडणारं असं काही माझ्याकडे नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीबरोबर कॉफी घेतली. तिचे इन्स्टाग्रामवर दोन अकाउंट आहेत. एकावर गणपतीतले नऊवारीतले फोटो, त्यात आत्या, मावश्या, आजी. दुसऱ्यावर अकरा मैत्रिणी. मी विचारलं, "खरी कुठली?" ती म्हणाली, "काकू, दोन्ही. तुम्ही घरी आणि मंडळात सेम असता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेत तिच्या नावाची पाच वर्षं थट्टा झाली, हेही त्याच दिवशी कळलं. रविवारच्या वर्गात तिने ते कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

त्या रात्री कॅनव्हासवर जाऊन 'डी' काढलं आणि पूर्ण नाव घातलं. सोमवारी प्रोफेसरबाई हजेरीला तिथेच अडकल्या. मी सवयीने तोंड उघडणार, एवढ्यात मागून स्वच्छ आवाज आला, "ज्ञानदा." 'ज्ञ' अगदी शाळेत गिरवून घेतला होता तसाच. बाईंनी तीनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा बरंच जमलं.

मग त्यांनी तिचं नाव घेतलं, ते दोन अक्षरी. ती "हिअर" म्हणाली.