अंगावर पाजणाऱ्या आईचा रोजा

कुराणाच्या दुसऱ्या सुरेत आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. हदीसच्या आधारे ती गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही मिळते. पाजल्याने रोजा तुटत नाही. प्रश्न असतो तो आई आणि बाळ, दोघांच्या प्रकृतीचा.

सुटलेले रोजे नंतर ठेवायचे, ही कजा. हनफी पंथाच्या मताने तेवढे पुरते. शाफई पंथाच्या मताने, फक्त बाळाच्या काळजीपोटी रोजा सोडला असेल तर फिदयाही द्यायचा, म्हणजे दर रोज्यामागे गरजूला धान्य. देशावर बहुतेक हनफी, बोरघाट उतरला की कोकणी मुसलमान शाफई. त्यामुळे माहेर पनवेलकडचे आणि सासर लोणावळा-कामशेतचे असेल, तर सुनेला दोन उत्तरे मिळू शकतात. तिने गोंधळू नये. सवलत दोन्हींकडे आहे.

मार्च २०२५मध्ये या भागातला रोजा १३ ते साडेतेरा तासांचा होता. पहिले सहा महिने बाळाची तहानही आईच्या दुधावरच भागते. बाळाचे लंगोट नेहमीपेक्षा कमी ओले होऊ लागले, आईला चक्कर आली, लघवी गडद झाली, तर संध्याकाळची वाट पाहू नये. पाणी प्यावे, डॉक्टरांना दाखवावे.

ईदची कामे नेमकी याच थकव्यात येतात. शिरखुर्म्याच्या खारका भिजवणे, सुकामेवा चिरणे, शेवया भाजणे हे घरातल्या पुरुषांनी उचलावे, असे मला मनापासून वाटते. फितरा, म्हणजे ईदचे दान, मात्र ईदच्या नमाजाआधी द्यायचा, तान्ह्या बाळाच्या नावाचासुद्धा. हनफी मताने ती जबाबदारी बापाची.